आपोआप नेम धरणारी रायफल: समोर कोण आहे हे तिला कळतं का?

कॅमेरावाला

मंडळी, गेली चौदा वर्षं मी कारखान्यांत कॅमेरे बसवायचं काम करतो. पट्ट्यावरून बेअरिंग जातात, कॅमेरा फोटो काढतो, तडा असलेलं बेअरिंग हवेचा फवारा मारून बाजूला पाडतो. थोडक्यात यंत्राला बघायला शिकवणं हा माझा धंदा. परवा भाच्याने एका इस्रायली साइटचा, म्हणजे रायफलवर बसवायच्या नेम धरायच्या दुर्बिणीचा, व्हिडिओ पाठवला, वर लिहिलं होतं मामा आता रायफल स्वतःच नेम धरते, जवानाने फक्त चाप ओढायचा. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा.

आधी गैरसमज काढतो. ही रायफल हातात वळत नाही, नळी आपली आपण लक्ष्याकडे जात नाही. स्मार्ट शूटर नावाची कंपनी आहे, इस्रायलमधे यागुर नावाच्या किबुत्झला (सामूहिक वस्तीला), त्यांच्या साइटचं नाव स्मॅश. साध्या दुर्बिणीच्या जागी ही बसते, आत कॅमेरा आणि कॉम्प्युटर. जवान पडद्यावर लक्ष्य निवडतो, बटण दाबून लॉक करतो, मग चाप ओढून धरून ठेवतो. गोळी लगेच सुटत नाही. हात हलतोय, लक्ष्य पळतंय, आणि कॉम्प्युटर बघत बसतो की या क्षणी गोळी सोडली तर लागेल का, जेव्हा उत्तर हो येतं तेव्हाच सोडतो. म्हणजे नेम धरते म्हणण्यापेक्षा चुकीच्या वेळी गोळी अडवून धरते हे जास्त खरं.

आता माझा मुद्दा. गोळी कधी सोडायची हे गणित आहे, आणि गणित बऱ्यापैकी सुटलंय. चित्रात काय आहे हे ओळखणं सुटलेलं नाही, आणि जाहिरातीत दोन्ही एकाच दमात सांगतात. मागे एका कारखान्यात रोज दुपारी चारच्या सुमारास चांगली बेअरिंग रिजेक्ट व्हायला लागली, आम्ही आठवडाभर सॉफ्टवेअर उकरत बसलो. शेवटी कळलं की छताच्या पारदर्शक पत्र्यातून त्या वेळेला ऊन तिरकं येतं आणि बेअरिंगच्या कडेवर जी चमक पडते ती कॅमेऱ्याला तडा वाटते. काळं कापड लावलं, प्रश्न मिटला. माझ्याकडे उजेड माझ्या हातात, वस्तू एकाच मापाची, कॅमेरा खिळलेला, तरी ही गत. रणांगणात यातलं काहीच हातात नसतं. आणि रिजेक्ट झालेलं बेअरिंग परत पट्ट्यावर ठेवता येतं.

जाणकारांनी लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

बट_नंबर_चार

नमस्कार. पायदळात बावीस वर्षं काढली, त्यातली बरीच फायरिंग रेंजवर उस्ताद म्हणून, त्यामुळे दोन शब्द लिहितो.

नेम चुकतो म्हणजे काय होतं ते बघा. रंगरूट पहिल्यांदा रेंजवर येतो, समोर फिगर अकराचं टार्गेट, पळत येणाऱ्या माणसाचं चित्र, रुंदी साधारण दीड फूट. तीनशे मीटरवर नळीचं तोंड एक मिलिरेडियन (कोन मोजायचं बारीक माप) हललं तरी गोळी तीस सेंटीमीटर बाजूला जाते, आणि एक मिलिरेडियन म्हणजे नळीच्या तोंडाशी मिलिमीटरभर सुद्धा हलायला लागत नाही. श्वास, नाडी, चापाला दिलेला झटका, सगळं त्यात येतं. म्हणून आम्ही शिकवायचो शिस्त घे म्हणजे नीट नेम साध, श्वास अर्धा सोडून थांब, चाप लिंबू पिळल्यासारखा हळूच दाब. पोरगं रेंजवर छान ग्रुपिंग काढायचं, सगळ्या गोळ्या जवळजवळ. तेच पोरगं दोनशे मीटर पळवून आणलं, धाप लागलेली असताना फायर करायला लावलं, की टार्गेटला भोकं शोधावी लागायची. आणि समोरून कोणी गोळ्या मारत नसताना ही हालत.

त्यामुळे ही साइट जवानाच्या हाताची थरथर खाऊन टाकत असेल तर मी तिचं स्वागत करीन. माझी पोरं परत घरी यावीत हे मला महत्त्वाचं.

अमेरिकेनेही यावर फार डोकं घातलंय. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी नव्या रायफलींची मोठी चाचणी घेतली होती, अट अशी की गोळी लागायचं प्रमाण त्यांच्या नेहमीच्या एम सोळा रायफलीच्या दुप्पट पाहिजे. चार कंपन्या उतरल्या, कुणी एका काडतुसात दोन गोळ्या घातल्या, कुणी गोळीऐवजी बारीक बाण मारले. एकही पास झाली नाही. कारण गोळी बदलून हात स्थिर होत नाही.

अनुजा_क

बट नंबर चार काका, छान लिहिलंत. थोडी भर घालते, मी वन्यजीवांच्या कामात थर्मल कॅमेरा वापरते, बिबट्यांसाठी, उसाच्या पट्ट्यात.

लोकांना वाटतं थर्मल म्हणजे अंधारात सगळं दिसतं. दिसतं ते तापमानातला फरक. मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता तापलेला कातळ, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, माणूस, सगळं एकाच पांढरट रंगात मिसळतं. पहाटे चारला तोच माणूस दिव्यासारखा उठून दिसतो. म्हणजे ओळखायची क्षमता घड्याळावर आणि ऋतूवर अवलंबून.

आणि किती लांबून ओळखता येतं त्याचा एक जुना हिशोब आहे, जॉन्सनचे निकष म्हणतात, 1958 साली अमेरिकन लष्कराच्या नाइट व्हिजन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन जॉन्सनने मांडले. काळ्यापांढऱ्या रेघांच्या जोड्या घ्यायच्या. लक्ष्याच्या कमीत कमी मापात एक जोडी बसली तर तिथे काहीतरी आहे एवढं कळतं, चार बसल्या तर माणूस की जनावर की गाडी हे कळतं, साडेसहाच्या आसपास बसल्या तर नेमकं कुठल्या प्रकारचं ते कळतं. तेही दहातल्या पाच वेळा, नक्की नाही. कॅमेऱ्याच्या भाषेत एक जोडी म्हणजे दोन पिक्सेल.

हे माझ्या कॅमेऱ्याला लावून बघा. पिक्सेल बारा मायक्रॉनचा, लेन्स पन्नास मिलिमीटरची, म्हणजे पाचशे मीटरवर एका पिक्सेलमधे बारा सेंटीमीटर मावतात. माणसाची रुंदी अर्धा मीटर धरली तर तो चार पिक्सेलचा ठिपका. आहे कळतं, कोण ते नाही. माणूस आहे असं म्हणायला अडीचशे मीटरपर्यंत यावं लागतं, आणि त्याच्या हातात काय आहे वगैरे बोलायचं तर दीडशेच्या आसपास. रायफलची गोळी मात्र पाचशे मीटरवर आरामात मारते. म्हणजे दीडशे ते पाचशेच्या मधल्या पट्ट्यात मारता येतं पण ओळखता येत नाही, आणि ही साइट नेमकी त्याच पट्ट्यात नेम सोपा करणार. मला भीती वाटते ती याची.

तळकोकण

अनुजाताई, हा मधला पट्टा आमच्याकडे फार जुना आहे.

आमच्या वाडीत ठासणीच्या बंदुका होत्या, शेतीच्या राखणीच्या लायसनवर, डुकरं भात उद्ध्वस्त करतात म्हणून. रात्री डोक्याला बॅटरी बांधून जायचे. मी तेव्हा नववीत होतो. भात पोटरीला आलेलं, चौघेजण गेले, दोघं वरच्या कोपऱ्यात दोघं व्हाळाच्या बाजूला. वरच्यांनी बघितलं की खाली झाडीत काहीतरी काळं हलतंय, वाकलेलं, बॅटरीच्या उजेडात दोन ठिपके चमकले. बार टाकला. ते माझे चुलतकाका होते, विडी पेटवायला वाऱ्याला पाठ करून वाकले होते, आणि चमकलं ते चष्म्याचं भिंग होतं. नेम अगदी बरोबर होता हे मला मुद्दाम सांगायचंय. ज्याने बार टाकला तो पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला नेमबाज होता. त्याने त्यानंतर बंदूक पोलिसात जमा केली आणि उरलेला जन्म माझ्या काकीच्या घरची लावणी फुकट करून दिली.

त्या रात्री कुणीही नेमबाज नसता तर काका वाचले असते. मला यापुढे लिहिता येत नाही.

बट_नंबर_चार

तळकोकण दादा, वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. रात्रीच्या गस्तीत आपलीच पार्टी समोरून येते तेव्हा हीच भीती असते, त्यासाठीच परवलीचा शब्द असतो. हाक मारायची, जबाब आला नाही तर पुढचं. साइटला हाक मारता येत नाही.

शून्य_एक

मी सायबर सिक्युरिटीत आहे, मला वाटतं एक मोठी गोष्ट राहून जातेय. रायफलमधे कॉम्प्युटर आला म्हणजे कॉम्प्युटरची दुखणी पण आली.

अमेरिकेत टेक्सासमधे ट्रॅकिंगपॉइंट नावाची कंपनी होती, 2013 च्या आसपास त्यांनी पहिल्यांदा अशी रायफल शिकारी लोकांना विकायला काढली, किंमत वीस हजार डॉलरच्या वर. लक्ष्यावर ठिपका ठेवून टॅग करायचं, मग साइट चित्रातला तो तुकडा पकडून ठेवते, लेझरने अंतर मोजते, तापमान, हवेचा दाब, रायफल किती कललीय ते सगळं हिशोबात घेते, आणि ठिपका जुळेपर्यंत चाप जड करून ठेवते. वारा मात्र माणसाने स्वतः आकडा भरून सांगायचा.

2015 मधे रुना सँडविक आणि मायकेल ऑगर या नवराबायकोने ती रायफल वायफायवरून हॅक करून ब्लॅक हॅट या सायबर सुरक्षेच्या परिषदेत दाखवली. वायफायचा पासवर्ड कंपनीने टाकलेला, तोच. आत शिरून त्यांनी फक्त एक आकडा बदलला, गोळीचं वजन, काही ग्रॅमच्या जागी बहात्तर पौंड. नेमबाजाला पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. गोळी अडीच फूट डावीकडे गेली आणि शेजारच्या दुसऱ्याच टार्गेटच्या मधोमध लागली. त्यांना एक गोष्ट करता आली नाही, ती म्हणजे लांबून गोळी झाडणं, कारण चाप माणसाच्या बोटानेच ओढावा लागत होता. पोटात गोळा आला होता मला वाचताना, पण त्या बोटाने जरा धीर दिला.

आणि ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला फसवणं तर अजून सोपं. 2019 मधे बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठातल्या लोकांनी एक रंगीबेरंगी चौकोन छापला, चाळीस सेंटीमीटरचा, तो पोटाशी धरला की माणूस ओळखणाऱ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरला माणूस दिसेनासाच होतो. डार्पा या अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेने एकदा आठ मरीन सैनिकांना सांगितलं होतं की या यंत्राला न सापडता जवळ येऊन दाखवा. यंत्राला चालणारी माणसं ओळखायला शिकवलेलं. दोघं कोलांट्या मारत आले, दोघं पुठ्ठ्याच्या खोक्याखाली सरकत आले, एकाने झाडाच्या फांद्या अंगाला बांधल्या. आठही जण पोचले, एकालाही यंत्राने पकडलं नाही.

कॅमेरावाला

शून्य एक, तो गोळीच्या वजनाचा किस्सा माहीत नव्हता, भयंकर आहे. आणि कोलांट्यांचं माझ्या कामात रोज दिसतं. यंत्राने जे शिकताना पाहिलं तेवढंच त्याला माणूस. उभा, चालणारा, समोरून. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई, घोंगडी पांघरून बसलेला धनगर, हे त्या फोटोंत होते का? नसतील तर यंत्र एकतर त्यांना बघणारच नाही किंवा भलतंच काहीतरी समजेल. आपल्या सरहद्दीवर तर अशीच माणसं जास्त.

तळकोकण, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो.

अजून एक फरक इथे नीट सांगायला पाहिजे, ओळखणं आणि माग ठेवणं. एकदा जवानाने बोट ठेवून सांगितलं की हा, की पुढे त्या तुकड्याचा माग काढत राहणं तुलनेने सोपं असतं, मागच्या फ्रेममधे होता तिथून थोडासाच सरकला असणार, वेग धरून पुढची जागा काढायची. तीनशे मीटरला गोळी पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात पळणारा माणूस दोन मीटर पुढे गेलेला असतो, ते दोन मीटर यंत्र माणसापेक्षा कितीतरी चांगलं मोजतं. पण तो माणूस झाडामागून गेला आणि पलीकडून दुसराच बाहेर आला तर? माग ठेवणारी काही सॉफ्टवेअर, ट्रॅकर म्हणतात त्यांना, लॉक सोडतात, काही बिनधास्त दुसऱ्याला चिकटतात. माझ्या पट्ट्यावर दोन बेअरिंग एकमेकांना घासून गेली की नंबरांची अदलाबदल होते, हे मी स्वतः किती वेळा बघितलंय.

सीगल

सगळे माणसांवर बोलताय पण खरी खरेदी चाललीय ती ड्रोनसाठी. आपल्या नौदलाने स्मॅश 2000 प्लस मागवल्याच्या बातम्या 2020 च्या डिसेंबरमधे आल्या होत्या, तेही ड्रोनसाठीच. ब्रिटिश लष्कराने 2023 मधे 225 नग घेतले, 46 लाख पौंडांना, म्हणजे नगाला वीस हजार पौंड पडले. कारण साधं आहे, हातभर लांबीचं ड्रोन आकाशात वेडंवाकडं उडताना साध्या रायफलने पाडणं जवळपास अशक्य. युक्रेनमधे सैनिक छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन फिरतायत ते काय उगाच नाही.

आणि ड्रोनच्या बाबतीत कॅमेरावाले साहेबांची अडचण पण कमी होते, मागे मोकळं आकाश, हलणारी वस्तू एकच. चुकलं तर फार तर एखादी घार मरेल. वाईटच ते, पण तळकोकणच्या काकांसारखं नाही. इथे ओळखायचं काम यंत्राला द्यायला माझी काहीच हरकत नाही, उलट लवकर द्या.

अनुजा_क

घारीबद्दल माझी हरकत आहे पण मुद्दा पटला :) मोकळ्या आकाशात दोनशे मीटरवरचं ड्रोन सुद्धा पाच सात पिक्सेलचंच असतं, फरक एवढाच की तिथे चुकीची किंमत वेगळी. ड्रोन डोंगराच्या किंवा झाडांच्या पार्श्वभूमीवर आलं, मागे आकाश नसलं, की परत मूळ पदावर.

बट_नंबर_चार

सीगल, बरोबर. ड्रोनसाठी प्रत्येक सेक्शनला, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीला, एक तरी द्या असं मी पण म्हणेन. पण वजन आणि बॅटरी विसरू नका. अमेरिकेने नव्या रायफलीसाठी एक्सएम 157 नावाची साइट घेतली, व्हॉर्टेक्स कंपनीची, 2022 मधे करार झाला, दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत नग. त्यात लेझर आहे, गणित आहे, पण लक्ष्य ओळखून गोळी अडवून धरणं नाही. तरीसुद्धा त्यांच्याच चाचणी खात्याच्या अहवालात जवानांनी ती वापरायला सोपी नाही असा शेरा दिला. दक्षिण कोरियाने के 11 नावाची कॉम्प्युटरवाली रायफल काढली होती, अनेक वर्षं बिघाडच निस्तरत बसले, शेवटी 2019 ला प्रकल्पच बंद केला.

जवान अठ्ठेचाळीस तास भिजलेला असतो, बोटं बधिर, काचेवर चिखल. पडद्यावर पाच चिन्हं दिसली तर तो त्यातलं एकही वाचणार नाही. मी शिकवताना लोखंडी साइट सगळ्यात आधी शिकवायचो ती याच्यासाठी, बॅटरी संपली तरी नळीवरची माशी आणि मागची नॉच (खाच) जागेवर असतात.

कलम

वकिली करते, युद्धाच्या कायद्याचा थोडा अभ्यास आहे.

सगळ्या जिनिव्हा करारांत सारख्याच असलेल्या तिसऱ्या कलमानुसार शस्त्र खाली ठेवलेल्या किंवा जखमी होऊन लढण्याबाहेर गेलेल्या माणसाला मारता येत नाही. आता स्मॅशसारख्या साइटमधे चाप ओढून धरल्यापासून गोळी सुटेपर्यंत जो वेळ जातो त्याचा विचार करा, सेकंद दोन सेकंद का होईना. साध्या रायफलीत निर्णय आणि गोळी एकाच क्षणी असतात. इथे निर्णय आधी झाला, गोळी नंतर. मधल्या वेळात समोरच्याने हात वर केले तर यंत्राला ते कळत नाही, त्याच्या दृष्टीने हात वर केलेला माणूस म्हणजे थोडा उंच झालेला तोच तुकडा. त्यामुळे ते मधलं दीड सेकंद जवानाची नजर समोर असणं आणि चाप सोडल्यावर गोळी न सुटणं, या दोन्ही गोष्टी मला कायद्याच्या दृष्टीने फार मोलाच्या वाटतात.

आपली आपण लक्ष्य निवडून मारणाऱ्या स्वायत्त शस्त्रांवर संयुक्त राष्ट्रांत 2014 पासून जिनिव्हात चर्चा चालू आहे. सरकारी तज्ज्ञांचा गट नेमला गेला तेव्हा 2017 आणि 2018 मधे अध्यक्षपद भारताकडे होतं, अमनदीप सिंग गिल. पण 2023 च्या डिसेंबरमधे आमसभेत स्वायत्त शस्त्रांवर ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं, आपली भूमिका अशी की ही चर्चा जिनिव्हातच व्हावी. भूमिका समजू शकते, तरी मला मनापासून वाटतं की चाप माणसाच्याच बोटाखाली राहील असं लेखी बांधून घेणारा देश आपला असायला हवा होता.

सीगल

कलमताई, एक शंका, बोट असलं तरी जवान यंत्राने दाखवलेल्या चौकटीवरच विश्वास ठेवणार ना? पडद्यावर माणसाभोवती चौकोन आला की तो शत्रूच वाटतो.

कॅमेरावाला

सीगल, याच प्रश्नावर मी दोन दिवस अडकलोय. आमच्याकडे रिजेक्शनच्या टेबलावर एक मावशी बसतात, यंत्राने पाडलेलं बेअरिंग हातात घेऊन परत तपासायचं. सुरुवातीला त्या दहातली तीन परत पट्ट्यावर ठेवायच्या. सहा महिन्यांनी एकही ठेवत नव्हत्या. मी विचारलं मावशी आता सगळी खराबच येतात का, तर म्हणाल्या साहेब यंत्राने लाल चौकोन काढलाय तर असेलच काहीतरी. मग मी पडद्यावरचा चौकोन काढून टाकला. नुसतं बेअरिंग समोर, कुठे काय आहे ते तुम्ही सांगा. त्या आठवड्यात परत ठेवायला लागल्या.

म्हणून साइट करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असेल की माणसाच्या बाबतीत चौकोन आधी दाखवू नका. आधी जवानाला बघू दे, त्याने बोट ठेवलं की मग माग ठेवा, थरथर खा, दोन मीटर मोजा, सगळं करा. आकाशातल्या ड्रोनसाठी चौकोन आधी आला तर चालेल. ही दोन वेगळी बटणं असावीत, एकाच मेनूत खाली वर नसावीत.

बट नंबर चार काका, तुम्हाला एक विचारायचं होतं, चाप ओढून धरलाय पण गोळी अजून सुटलेली नाही, अशा वेळी जवानाचं बोट आपोआप सुटतं का आवळतं?

बट_नंबर_चार

आवळतं. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, रेंजवर शेजारी ग्रेनेडचा आवाज झाला तर पोरांची बोटं कुठे जातात ते मी बघितलंय. सोडायला वेगळं शिकवावं लागेल. ही साइट आली तर पहिला महिना मी गोळीच देणार नाही, रिकाम्या रायफलवर नुसतं एकच, धर, बघ, सोड. दिवसातून दोनशे वेळा.